नादबंडी

त्या सोमवारी अब्बांनी सकाळपासून एकवीस भोपळे वाजवले आणि त्यांतले एकोणीस नापास केले.

तहसीन मिरजेच्या घरी पोचली तेव्हा ते मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मांडी घालून बसले होते. पुढ्यात कापडाची चुंबळ आणि तिच्यावर भोपळा. मधल्या बोटाचं पेर भोपळ्यावर हलकेच मारायचे, कान तिरका करायचे, भोपळा उचलून जरा फिरवायचे आणि पुन्हा मारायचे. तंबोऱ्याचा भोपळा निवडायची ही रीत त्यांच्या वडिलांची आणि त्यांच्याही आधीची.

"साच्यातले आहेत हे," तिच्याकडे न बघता ते म्हणाले. "हरितगृहात, प्लॅस्टिकच्या साच्यात कोंबून वाढवलेले. सगळे एका मापाचे, गणवेश घातलेल्या पोरांसारखे. तोंड उघडायला एक तयार नाही."

जमीर, तिचा धाकटा भाऊ, दांडीवर रंधा मारत होता. "आपा, तूच सांग ह्यांना. देशी भोपळा राहिलाय कुठं? भीमाकाठी दहा मळे हिंडावं तेव्हा चार मिळणार."

"मग हिंडायचं."

"मग तुम्हीच जा बेगमपूरला, या उन्हात. आणा तुमचे बोलके भोपळे."

"जातो की. बुधवारी जातो."

हे भांडण इतकं रोजचं होतं, की तहसीन मधे पडलीसुद्धा नाही. अब्बांनी बाविसावा भोपळा घेतला. तो बद्द वाजला. जमीरनं नापासांच्या ढिगाकडे बोट दाखवलं, पण अब्बांनी भोपळा उचलून चुंबळीवर तळवा दाबला.

"पाणी कुणी सांडलं?"

"चहाचं भांडं विसळलं मघाशी. असेल थोडं."

"थोडं! अरे, काल हा खणखणीत वाजत होता. भोपळा एका दिवसात ओला होतोय का? असं झालं की भोपळ्याला शिव्या घालायच्या नाहीत. आधी बघायचं, तो ठेवलाय कशावर." त्यांनी कोरडी चुंबळ घेतली, भोपळा ठेवला, वाजवला. मग नुसते हसले. तो पास झाला.

तहसीनच्या पिशवीत नादबंडी होती. मुलांच्या अपघात विभागात ती डॉक्टर होती आणि गेली सहा वर्षं ही बंडी करत होती. दिसायला साधी, बिनबाह्यांची, मऊ कापडाची. आतून अठ्ठेचाळीस मणी शिवलेले. एक मणी बारीकसा आवाज करी, बाकीचे सत्तेचाळीस ऐकत. मग दुसरा मणी, मग तिसरा. आवाज छातीतून आरपार जाई आणि फुफ्फुसात कुठे हवा आहे, कुठे ओल, याचा नकाशा पडद्यावर उमटे. ओल निळी. ही कल्पना कुठून सुचली असं परिषदांमध्ये विचारलं की ती एका जुन्या शोधनिबंधाचं नाव सांगे. या शेडचं नाव तिनं कधी घेतलं नव्हतं.

"बघू तरी ती," अब्बा म्हणाले. "सहा वर्षं झाली, बापाला दाखवली नाहीस."

"तुम्हाला बसायची नाही. आठ-दहा वर्षांच्या पोरांची आहे."

"अंगडं का होईना, लेकीनं शिवलंय." त्यांनी ती समोरून छातीला लावली. बंद पुरेनात, म्हणून जमीरनं मागून दोऱ्यानं बांधली. तिघंही हसत होते. तहसीनच्या हातातला घडीचा पडदा उजळला.

डाव्या बाजूला, अगदी खाली, निळा डाग होता. तळहाताएवढा.

"काय म्हणतंय?"

तहसीननं पाहिलं. दहा-बारा सेकंद पाहिलं असेल. मग तिनं पडदा मिटला. "लहान मुलांची बंडी आहे, अब्बा. मोठ्या माणसावर चुकीचं दाखवते."

अब्बांनी आपल्याच बरगडीवर पेर मारलं, डावीकडे, खाली. "इथं जरा बद्द वाजतंय मात्र."

"भुसा आहे तो. चाळीस वर्षांचा." ती घड्याळाकडे बघत उठली. तीनला विभागात पोचायचं होतं. अम्मीनं दिलेला चहा तिनं उभ्यानंच घेतला.

बुधवारी अब्बा बेगमपूरला गेले. गुरुवारी दुपारी परतीच्या जीपमध्ये, मांडीवर एक भोपळा घेऊन, ते गेले. हृदय हळूहळू मागे पडत होतं आणि फुफ्फुसांत पाणी साचत होतं, असं नंतर कळलं. तीन दिवस आधी समजलं असतं तर गोळ्यांवर भागलं असतं, असं जिल्ह्याच्या डॉक्टरांनी जमीरला सांगितलं. ऊन आणि प्रवास हे निमित्त झालं.

जमीरनं त्यातलं ऊन आणि प्रवास एवढंच ऐकलं.

•

अकरा महिने झाले. जमीरनं त्यानंतर एकही भोपळा वाजवला नव्हता. दुरुस्तीची कामं घ्यायचा, खुंट्या बसवायचा, तारा बदलायचा. जीपमधून आलेला भोपळा माळ्यावर तसाच होता. तहसीन महिन्यातून एकदा जायची. दोघं अम्मीसमोर बसून जेवायची आणि जमीर प्रत्येक वेळी कधीतरी म्हणायचा, "मीच पाठवलं ना, आपा." ती म्हणायची, "असं नसतं रे." एवढंच.

सोमवारची नोंद बंडीच्या साठवणीत होती. तिनं तिच्यावर 'चाचणी – रद्द' असा शेरा मारला होता. पुसली मात्र नव्हती.

विभागात तिनं मनाशी एक नियम केला होता आणि तो कुणाला सांगितला नव्हता. बंडीनं निळं दाखवलं तर निळं. पुन्हा कधी यंत्राला खोटं पाडायचं नाही.

आणि बंडी खरीच निघत होती. मोठ्या अपघातात सापडलेल्या मुलांचं एक भयंकर असतं. मांडी मोडते, पोटाला मार बसतो, छातीला खरचटलेलंही नसतं, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ते मूल श्वासाला महाग होतं. शरीर जखमेशी लढायला जी फौज उठवतं, ती रक्तातून सगळीकडे धावते आणि फुफ्फुसातल्या केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचे सांधे ढिले करते. त्यांतून पाणी झिरपतं. हवेनं भरायचे कोट्यवधी फुगे आतून ओले होत जातात. क्ष-किरणांत हे दिसतं तेव्हा फार उशीर झालेला असतो. नादबंडीला ते अठरा-वीस तास आधी ऐकू येई.

आधी कळून उपयोग काय, तर गेल्या वर्षी नवं औषध आलं होतं. ढिले सांधे ते पुन्हा घट्ट करी. विभागात सगळे त्याला डिंक म्हणत. डिंकाच्या दोन अटी होत्या. ओल दिसल्यापासून चार तासांत द्यायचा, नंतर त्याचा उपयोग नाही. आणि तो दिला की रक्तदाब घसरतो. धडधाकट मुलाला ते सोसतं. रक्त गेलेल्या मुलाला नाही.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात ओवी जमदाडे आली. वय नऊ, तासगावकडची. बेदाण्याच्या शेडमध्ये अकरा मजली जाळ्यांच्या रॅकवर ती चढली होती, वरून द्राक्षं कशी दिसतात ते बघायला. आदल्या आठवड्यातल्या वाऱ्यानं ढिली झालेली लोखंडी पट्टी निसटली. वरून पोर पडली आणि पोरीवर रॅक. कमरेचं हाड दोन ठिकाणी मोडलं, आत रक्तस्राव झाला. रक्ताच्या पिशव्या ड्रोननं आल्या. हाडांच्या डॉक्टरांनी कमरेला रुंद पट्टा आवळला आणि बजावलं, "उद्या सकाळी शस्त्रक्रिया. तोवर हिला हलवायचं नाही, कुशीवरसुद्धा नाही. आत गुठळी धरलीय, ती सुटली तर पोर हातची जाईल."

छातीला मार नव्हता. बंडी आल्या आल्याच घातली होती. सकाळी आठला नकाशा स्वच्छ, बाराला स्वच्छ.

दोनला उजवीकडे खाली निळा डाग उमटला. गडद, काठ अगदी स्पष्ट. बंडीचा इशारा वाजला आणि पडद्यावर चार तासांचं घड्याळ उलटं चालू लागलं.

•

"डिंक दिला तर रक्तदाब किती उतरेल?" डॉ. उपाध्यांनी विचारलं. ते विभागप्रमुख, निवृत्तीला आलेले, बोलणं मोजकं.

"पंधरा-वीस."

"तिच्याकडे खाली जायला दहासुद्धा नाहीत."

"नाही दिला तर परवा ती श्वासच घेऊ शकणार नाही. नव्वदच्या वर मुलांत बंडी एकदाही चुकलेली नाही, सर."

"मला पाठ आहे तो आकडा, आपल्या भिंतीवर लावलाय." उपाध्यांनी चष्मा पुसला. "बंडी तुझी. पोर माझी तशी तुझीही. पाच वाजेपर्यंत सांग. औषध तयार ठेवायला सांगतो."

ओवी अर्धवट गुंगीत होती. नाकाला प्राणवायूची नळी, ओठ कोरडे. तहसीननं बंडी बंद करून पुन्हा चालू केली, दोनदा. डाग हलला नाही. क्ष-किरणांचं चित्र मागवलं, ते स्वच्छ आलं, पण या टप्प्यावर ते स्वच्छच येतं.

रूथ सिस्टर सलाईनचे थेंब मोजत होत्या. या विभागात त्यांची बावीस वर्षं गेली होती. "डॉक्टर, एक विचारू का? रागावू नका."

"विचारा."

"बाराला कोरडं ठणठणीत. दोनला एकदम एवढा डाग? आपण बघितलेली सगळी पोरं हळूहळू ओली झाली. आधी फिकट, मग जरा गडद. हे म्हणजे कुणीतरी ठसा मारल्यासारखं आलं."

"बंडी खोटं बोलत नाही, सिस्टर."

ते फार मोठ्यानं बोललं गेलं. पलीकडच्या खाटेजवळचा वॉर्डबॉय वळून बघू लागला. रूथ सिस्टरनी थेंबांकडे मान वळवली. "बरं," एवढंच म्हणाल्या.

पाचला दहा कमी असताना औषधाचा ट्रे आला. पांढऱ्या कापडावर एकच नळी. बाहेर काचेपलीकडे ओवीची आई मेघा उभी होती. तळहातांना द्राक्षं बुडवायच्या द्रावणानं पडलेल्या चिरा, अंगावर शेडमधलीच साडी. दुपारी एकला तिला पाच मिनिटं आत सोडलं होतं. तेव्हापासून ती तिथून हलली नव्हती.

तहसीनला संमतीपत्रावर सही घ्यायला बाहेर जायचं होतं, पण तिचा पाय निघेना. ती पडद्याकडे बघत राहिली. डागाचे काठ. कुणीतरी ठसा मारल्यासारखं. बाराला खणखणीत, दोनला बद्द.

अरे, भोपळा एका दिवसात ओला होतोय का?

 अकरा महिने तिनं त्या सोमवारातला फक्त निळा डाग आठवला होता. त्याच्या आधीचा अर्धा तास, तो बाविसावा भोपळा, तिनं बाहेरच ठेवला होता.

"सर," ती म्हणाली, "मला हिची पाठ बघायचीय."

उपाध्ये ट्रेपाशी आले. "हलवायचं नाही म्हणून सांगितलंय."

"चार बोटं उचलू. अंग सरळ एका रेषेत, चौघांनी मिळून. हात आत जाईल एवढंच."

"आणि गुठळी सुटली तर?"

"डिंक दिला तरी रक्तदाब जाणारच आहे. बंडीनं ऐकलेलं खोटं नसेल, सर. पण ते फुफ्फुसातलंच कशावरून? पाठीशी काय आहे ते आपण कुणीच बघितलेलं नाही."

उपाध्यांनी तिच्याकडे पाहिलं. "तू बंडीवर शंका घेतेयस?"

"हो."

"मग बघितलंच पाहिजे," ते म्हणाले आणि त्यांनी हातमोजे चढवले.

रूथ सिस्टर खांद्याशी, उपाध्ये कमरेच्या पट्ट्याशी, वॉर्डबॉय पायांशी. हाडांचे डॉक्टर धावत आले, तोंडातल्या तोंडात पुटपुटत, पण त्यांनीही मांडी धरली. रक्तदाबाचा आकडा मोठा करून समोर लावला. ब्याऐंशी.

"एक, दोन, उचला."

ओवी कण्हली. आकडा एकोणऐंशी. तहसीननं बंडीच्या मागच्या काठाखालून हात सरकवला. ऊबदार कातडी, मणी, पुन्हा मणी. शहात्तर. "लवकर," हाडांचे डॉक्टर म्हणाले. आणखी खाली. काहीतरी लागलं. मऊ, गार, दमट. चौऱ्याहत्तर.

तिनं ते ओढून काढलं. "ठेवा खाली. सावकाश."

हिरव्या खणाच्या तुकड्यात बांधलेली पुरचुंडी होती. गाठ सोडली तर आत दोन मुठी बेदाणे. जाळीवरचे, अजून पुरते न वाळलेले, एकमेकांना चिकटलेले. वर हळदकुंकू. बंडीचे तीन मणी या पुरचुंडीत रुतले होते. आवाज आत शिरे आणि तिथंच बसे, पाण्यात बसतो तसा.

आकडा चौऱ्याहत्तरवर थांबला होता. सगळे त्याच्याकडे बघत होते. सत्त्याहत्तर. मग ऐंशी.

"ट्रे परत पाठवा," उपाध्ये म्हणाले.

तहसीननं बंडी पुन्हा चालू केली. उजवी बाजू स्वच्छ. रूथ सिस्टरनी छातीवर क्रूस केला. कुणीतरी हसलंसुद्धा.

तहसीन हसली नाही. डावीकडे, अगदी खाली, फिकट निळसर सावली होती. नखाएवढी, काठ पुसट. मघाच्या गडद डागापुढे ती कुणाला दिसली नव्हती. अकरा महिन्यांपूर्वी असाच डाग, याच जागी, तळहाताएवढा.

पडदा मिटता आला असता. सगळे थकले होते, सगळ्यांना चांगलंच ऐकायचं होतं.

"आहे," ती म्हणाली. "डावीकडे खाली. थोडं आहे, पण खरं आहे."

उपाध्ये वाकले, चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी बघितलं. "आहे," ते म्हणाले. "एवढ्याला डिंक नको. पाणी कमी करा. मास्कनं हलका दाब द्या, लहान लहान श्वास. दर तासाला नकाशा." मग म्हणाले, "मला दिसलं नसतं."

•

मेघाला त्यांनी आत बोलावलं. ट्रेमधली पुरचुंडी बघून तिनं पदर तोंडाला लावला.

"मरगूबाईच्या पायाची आहे. पहिली जाळी उतरली की पहिली मूठ तिची असती. तिथं न्यायच्या आधीच हे झालं. म्हटलं, आधी देवीला शिवून आणायची आणि पोरीच्या पाठीशी ठेवायची. पाठराखण म्हणून. दुपारी आत आले तवा सरकवली."

"पाच मिनिटांत आम्ही चुकीचं औषध देणार होतो," तहसीन म्हणाली. आवाज चढवायचा नाही असं तिनं ठरवलं होतं, आणि तो चढलाही नाही.

"मी सांगायला पायजे हुतं का, डॉक्टर?"

"हो. सांगायला पाहिजे होतं."

"भ्याले मी. म्हटलं, काढून टाकतील. आणि एकदा नाही सांगितलं की मग पुढं सांगताच येत नाही बघा. जीभ उचलत नाही. इथं काचंला टेकून तेच करत हुते, आता सांगू, मग सांगू."

 तहसीननं पुरचुंडीची गाठ पुन्हा बांधली आणि ती ओवीच्या उशाशी, खाटेच्या दांडीला लटकवली. "इथं राहू दे. इथं कुणाला आड येत नाही."

पुढचे तीन दिवस अवघड गेले. डावी सावली वाढली, दुसऱ्या दिवशी रुपयाएवढी झाली, एकदा त्याहूनही मोठी. शस्त्रक्रिया सकाळची संध्याकाळी गेली. मास्कखाली ओवी रडायची आणि रडताना श्वास चुकायचा, म्हणून रूथ सिस्टर तिला एकेक बेदाणा मोजायला लावायच्या, दांडीवरच्या पुरचुंडीतला, मनातल्या मनात. चौथ्या दिवशी सावली फिकी झाली. पाचव्या दिवशी ओवीनं मास्क काढायला लावला आणि पहिलं वाक्य बोलली, "वरनं काय दिसतच नव्हतं. नुसती जाळी."

तहसीननं त्या दुपारी रजा मागितली. उपाध्यांनी कारण विचारलं नाही.

•

शेडमध्ये जमीर एका सतारीच्या खुंट्या कानस लावून बसवत होता. ती आत आली तसं त्यानं वर पाहिलं. "आपा? आज? रविवारी येणार होतीस ना, वर्षाच्या फातेहाचं ठरवायला?"

"भोपळा कुठाय?"

"कुठला?"

"तो. जीपमधला."

जमीरची कानस थांबली. "कशाला पायजे तुला?"

"काढ खाली."

तो कुरकुरत शिडी लावून माळ्यावर गेला आणि धुळीनं माखलेला भोपळा छातीशी धरून उतरला. तिनं खुंटीवरची चुंबळ घेतली, तळव्यानं दाबून बघितली. कोरडी होती. तिनं ती अब्बांच्या जागी ठेवली.

"वाजव."

"नको, आपा."

"एकदा."

तो बसला.  मग त्यानं पेर मारलं. आवाज शेडच्या पत्र्यापर्यंत गेला आणि सावकाश खाली आला. त्यानं भोपळा फिरवला, पुन्हा मारलं.  "बोलतोय की गं," तो म्हणाला. "मरताना बरोबर घेऊन आला म्हातारा. आणि मी त्याला उन्हात–"

"जमीर, थांब."

तिनं पिशवीतून पडदा काढला, साठवण उघडली, सोमवारच्या नोंदीवरचा 'रद्द' शेरा काढला आणि पडदा त्याच्यासमोर, भोपळ्याशेजारी ठेवला. डाव्या बाजूला खाली, तळहाताएवढं निळं. जमीरला काही कळत नव्हतं. तो एकदा पडद्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होता.

 मेघा म्हणाली होती तसंच, जीभ उचलत नव्हती. तिनं श्वास घेतला, लहान, मग आणखी एक.

"हे अब्बांचं आहे. त्या सोमवारचं. तू मागून दोऱ्यानं बांधलीस, तेव्हाचं. हे निळं म्हणजे पाणी. मला तेव्हाच दिसलं होतं, जमीर. मला वाचता येतं, तुम्हाला येत नव्हतं, आणि मी सांगितलं की बंडी चुकते. बंडी बरोबर होती. तू त्यांना पाठवलं नाहीस. मी त्यांना जाऊ दिलं."